हवालदारानं आखलेली वाट

काळदरी तांड्यात माणूस पळताना दिसला की आधी त्याच्या मागं कोण लागलंय ते बघतात. रोही, म्हणजे नीलगाय असते, पिसाळलेलं कुत्रं असतं, कधी गांधीलमाश्या असतात, काहीतरी असतंच. त्यामुळे गेल्या श्रावणात एका सकाळी अर्ध्या चड्डीतला, घामानं निथळणारा एक गोरा माणूस माळावरून थेट आपल्या अंगणाकडं पळत येताना दिसला, तेव्हा बाबूसिंग राठोडनं कोणत्याही भल्या माणसानं केलं असतं तेच केलं. त्याला दंडाला धरून घरात ओढलं, बाहेरून कडी घातली आणि कुऱ्हाडीचा दांडा घेऊन स्वतः दारात उभा राहिला.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. माळावर चिटपाखरू नव्हतं. आतून दार वाजू लागलं.

"कोन हाय मागं?" बाबूसिंगनं फटीतून विचारलं.

"कोणी नाही हो काका. मी पळतोय."

"ते दिसलं. पन काहून पळून राह्यले?"

"असंच. तब्येतीसाठी."

बाबूसिंगनं कडी काढली, पण दांडा खाली ठेवला नाही. पाठलाग होणारा माणूस त्याला समजत होता. असंच पळणाऱ्याची मात्र त्याला काळजी वाटली. आत मिराबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, पाहुण्याला गूळपाणी देऊन आपला निष्कर्ष काढलाही होता. "घरी भांडन झालं असंल," ती नवऱ्याच्या कानाशी म्हणाली. "इचारू नका जास्ती."

तर हा वाचवलेला माणूस म्हणजे हिंगोलीतला दातांचा डॉक्टर विश्वजीत. घराणं देवळातल्या पूजेअर्चेचं, पण ह्याचा देव वेगळा निघाला. त्यानं आणि त्याच्यासारख्या पन्नासेक जणांनी शहरात धावणाऱ्यांचं मंडळ काढलं होतं. कनेरगाव नाक्याच्या बाजूला धावून झालं, वारंगा फाट्याच्या बाजूला धावून झालं, आणि ट्रकचे भोंगे ऐकून सगळ्यांचे कान किटले. आता त्यांना हिवाळ्यात कयाधूच्या खोऱ्यातून, डोंगरउतारावरून मोठी शर्यत घ्यायची होती. वाट हवी होती बरोबर एकवीस किलोमीटर आणि वर शंभर मीटर.

"वरचे शंभर कशाला?" बाबूसिंगनं विचारलं.

"जगात सगळीकडं तेवढंच असतं," डॉक्टर म्हणाला. दोन महिने तो घड्याळ बांधून हे डोंगर तुडवत होता. कधी वीस सहाशे भरत होते, कधी एकवीस आठशे. त्यापायी त्याची झोप उडाली होती, आणि दवाखान्यात एकाची भलतीच दाढ उपटायची तो थोडक्यात चुकला होता.

आता बाबूसिंगबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं खुळेपणाचं वाटेल. तसं ते खुळेपणाचंच आहे, पण त्याला कारण आहे. बाबूसिंग साठीला टेकलेला. तीन एकर मुरमाड रान, त्यात सोयाबीन आणि थोडी तूर. त्याचे पणजोबा-आजोबा लदेणीवाले. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. बाबूसिंगनं स्वतः जवळा बाजाराच्या पलीकडं कधी काही वाहून नेलं नाही, पण वाटांचा अभिमान त्याच्या रक्तात होता. दोन गावांची नावं सांगा, तो डोळे मिटून मधला उतार, पाणी आणि सावलीचं झाड सांगणार. अडचण एवढीच की कोणी विचारत नव्हतं. पोरं मोबाइलला विचारायची, आणि मोबाइल त्यांना सरळ खदानीत नेऊन उभं करायचा. तरी पुन्हा मोबाइललाच विचारायची.

त्याच्या मनाला खरी टोचणी होती ती एकाच वाटेची. तांड्यातून नदीवर उतरणारी आणि पलीकडच्या तांड्यात चढणारी, वीस मिनिटांची पायवाट. पलीकडं त्याची एकुलती एक लेक दिपा दिली होती. चार वर्षांपूर्वी तिची वरात त्याच वाटेनं गेली. पुढच्याच वर्षी मधल्या आठ एकरांचा मालक तातेराव यानं वाट नांगरून टाकली, भोवती तार ओढली आणि तारेत झटक्याची मशीन सोडली. रोही येतात म्हणून, असं तो सांगायचा. रोह्यांनी एका झटक्यात धडा घेतला. बाबूसिंगनं चार खाल्ले आणि मग तो तालुक्याच्या कचेरीत गेला.

तिथल्या अव्वल कारकुनानं, विश्वंभररावांनी, भला मोठा नकाशा टेबलावर पसरला आणि चष्मा वर करून सांगितलं, "नकाशावर वाट नाही."

"सायेब, बापजाद्यापासून आमची वहिवाट हाय. म्या सोता हजारदा चाललो."

"चालण्याचा आणि नकाशाचा संबंध नसतो," विश्वंभरराव म्हणाले. माणूस वाईट नव्हता. त्यांना कागदावर नसलेली गोष्ट दिसतच नसे, एवढंच. त्यांनी घरचं कुत्रंसुद्धा नोंदणीशिवाय पाळलं नव्हतं.

तेव्हापासून लेकीकडं जायचं म्हणजे डांबरी गाठून, पुलावरून वळसा घालून चौदा किलोमीटर, त्यातले सहा नुसते धोंडे. मिराबाईच्या गुडघ्यांना मोटारसायकल सोसत नव्हती. वर्षातून दोनदा मायलेकींची भेट व्हायची. एरवी संध्याकाळी मिराबाई माळाच्या कडेला उभी राहून पलीकडचे दिवे बघायची. त्यातला दिपाचा कोणता, यावरून नवराबायकोची भांडणं व्हायची.

म्हणून डॉक्टरनं मनगटावरचं घड्याळ दाखवून, "हे जिथून जाईल तिथली रेघ नकाशावर उमटते," असं सहज सांगितलं, तेव्हा बाबूसिंगच्या हातातला दांडा गळून पडला.

"सरकारी नकाशावर?"

"उपग्रहाच्या. सरकारही आता तोच बघतं."

बाबूसिंगनं हे त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं. मग म्हणाला, "डॉक्टर सायेब, वाट मी देतो. तुमी घड्याळ द्या."

डॉक्टरला काय, आंधळा मागतो एक डोळा. त्यानं घड्याळ काढून दिलं आणि जाताना बजावलं, "पलीकडच्या तांड्यापर्यंतच जा काका, तिथून पुढचं डांबरी आम्ही मोजलंय. आणि उगाच काही बदल करू नका. तुमचे वाडवडील जसे जायचे, अगदी तसेच जा."

इथं पाचर बसली. वाडवडील जसे जायचे तसे जायचं, तर घड्याळ माणसाच्या हाताला बांधून चालत नव्हतं. लदेणीच्या तांड्यात पुढं चालायचा मान माणसाचा नव्हताच. पुढं चालायचा म्हातारा, जाणता बैल. तो जिथं थांबला तिथं मुक्काम, तो जिथं वळला ती वाट. त्याच्या पुढं पाऊल टाकणाऱ्याला बाबूसिंगचा आजा काठीनं मारायचा. माणसाच्या डोक्यात दहा खोड्या असतात आणि त्याचे पाय तिकडंच जातात; बैलाचं तसं नसतं, असं त्याचं म्हणणं. बाबूसिंगला यात शंका घ्यायला काही जागा दिसली नाही.

त्याच्याकडं एक बैल होताच. लाल कंधारी, एकोणीस वर्षांचा, नाव हवालदार. प्रत्येक दारात उभा राहायचा आणि काही मिळाल्याशिवाय हलायचा नाही, म्हणून हे नाव. कामातून कधीच निवृत्त झाला होता, पण मान शाबूत होता. डॉक्टरनं पहिल्या दिवशीच धंद्याच्या सवयीनं त्याचा जबडा उघडून बघितला होता आणि खालचे दात फार झिजल्याचं सांगून, खरबरीत खाणं कमी करा असा सल्लाही दिला होता.

सोमवारी सकाळी हवालदाराला अंघोळ घातली, नारळ फोडला आणि घड्याळ त्याच्या उजव्या शिंगाला लाल धाग्यानं बांधलं. बाबूसिंग दहा पावलं मागं, हात जोडून उभा राहिला. हवालदार अर्धा तास जागचा हलला नाही. मग निघाला.

आधी तो शेजारच्या प्रेमदासच्या दारात गेला आणि भाकरीचा तुकडा वसूल करून तिथं रवंथ करत बसला. तिथून जुन्या खळ्यावर गेला. बारा वर्षं त्यानं तिथं मळणी तुडवली होती. खळ्यात आता गवत होतं, तरी त्यानं जुन्या खांबाभोवती शांतपणे सात फेरे घातले. बाबूसिंगनंही मागोमाग घातले. मग तो वळून बाबूसिंगच्याच घरामागं आला. जुलैच्या पावसात सैपाकघराची मागची भिंत बसली होती आणि तिथं नुसतं पोतं लावलेलं होतं. हवालदारानं पोतं शिंगावर घेतलं, चुलीजवळची टोपली रिकामी केली आणि पुढच्या दारानं बाहेर पडला. मिराबाई तवा हातात घेऊन बघत राहिली. मान असलेल्या बैलाला हाकलता येत नाही, आणि हाकलल्याशिवाय राहवत नाही, अशी तिची अवस्था झाली होती.

पुढं मात्र तो अंगणातून वळून सरळ नदीकडं उतरला. तातेराव त्या दिवशी कोणाच्या तरी साखरपुड्याला गेला होता आणि मशीनची बॅटरी उतरलेली होती. हवालदारानं तार मानेवर घेतली, खुंट्या उपटल्या आणि नांगरलेल्या रानातून बोटभरही इकडंतिकडं न होता जुन्या वाटेनं गेला. तीन वर्षं तिथं वाट नव्हती. बाबूसिंगला मागून चालताना भरून आलं. बैलाला नकाशा लागला नव्हता.

पावसानं ओढ दिल्यामुळं कयाधूला गुडघाभर पाणी होतं. हवालदार पात्राच्या मधोमध जाऊन थांबला आणि एक तास दहा मिनिटं थांबला. नंतर पलीकडं चढून थेट दिपाच्या अंगणात गेला. लहानपणी दिपा त्याला आपल्या ताटातला घास द्यायची, ते तो विसरला नव्हता.

दिपा अंगणात कठड्याला धरून ओकत होती. बाबूसिंग घाबरला. तिची सासू पदर तोंडाला लावून हसली आणि म्हणाली, "घाबरू नका याही. दुसरा महिना हाय. फोनवर सांगायची लाजली तुमची पोरगी."

चार वर्षांनी. बाबूसिंग तिथंच बैलाच्या पायाशी बसला. त्याला आनंद झाला, आणि लगेच पाठोपाठ ते चौदा किलोमीटर आठवले. पहिलं बाळंतपण माहेरचं. सातवा लागला की लेकीला घरी न्यायचं. हिंगोलीच्या डॉक्टरीणबाईंनी दिपाला पहिल्याच तपासणीत बजावलं होतं की धक्का बसेल अशा गाडीवर बसायचं नाही. म्हणजे ती पायी येणार, आणि पायी यायचं तर वाट एकच होती.

दोन दिवसांनी डॉक्टरचा फोन आला. "काका, पुढच्या डांबरीसकट बरोब्बर एकवीस किलोमीटर शंभर मीटर भरलं. एक मीटर इकडं नाही, तिकडं नाही. कसं जमवलंत?"

"म्या न्हाई. हवालदारानं."

मग डॉक्टर म्हणाला, "त्याला सांगा, उत्तम काम केलं."

बैलानं आखलेली वाट आहे म्हणून डॉक्टरला काहीच वाटलं नाही. दोन महिने न जुळलेलं अंतर जुळलं होतं, आणि जुळलेल्या अंतराला हात लावायची त्याची छाती नव्हती. खळ्याचा एक फेरा कमी केला तरी सगळं बिघडणार. त्यामुळे छापील पत्रकात सगळं जसंच्या तसं आलं: खळ्याभोवती सात फेरे, डावीकडून; पुढं खासगी घर, मागून प्रवेश, चुलीला वळसा घालून पुढच्या दाराने बाहेर; नदीपात्रात एक तास दहा मिनिटे उभे राहणे. पत्रक आणि नकाशा परवानगीसाठी तालुक्याच्या कचेरीत गेले. कचेरीनं दीड महिना ते कागद मुरवले आणि शिक्का मारून परत दिले. 'सोबतच्या नकाशातील वाटेवर कोणीही अडथळा करू नये,' असं खाली लिहिलं होतं.

शिक्क्याच्या कागदाची एक प्रत बाबूसिंगनं प्लास्टिकमध्ये घालून देवाशेजारी लावली. दुसरी घेऊन तो तातेरावच्या बांधावर गेला; हवालदारानं पाडलेली तार तातेरावनं केव्हाच पुन्हा ओढली होती. तीन वर्षांनी त्या बांधावर तो ताठ उभा राहिला.

तातेराव तसा आडदांड, पण डोक्यानं तल्लख माणूस. त्यानं नकाशा उलटा धरला, सुलटा धरला, बोटानं रेघ गिरवली आणि हसला. "बाबूसिंग, ही रेघ तर तुज्या सैपाकघरातून जाऊन राह्यली."

"जाऊन राह्यली."

"तिथं तर भित हाय."

होती. दिवाळीत मिराबाईनं ती उभी केली होती. विटा बाबूसिंगनं डोक्यावरून वाहून आणल्या, पण भिंत तिची. गिलावा तिनं हातानं केला, आत तीन खणांचं फडताळ काढलं, त्यात डबे उंचीनं लावले आणि सगळ्या भिंतीचा व्हिडिओ काढायला लावून दिपाला फोनवर पाठवला. लग्नाला चौतीस वर्षं झाली, तिच्या सैपाकघराला पहिल्यांदाच पाठीमागून वारा लागत नव्हता.

तातेरावनं दुसऱ्याच दिवशी अर्ज टाकला. नकाशा खोटा आहे. जिथं भिंत आहे तिथून वाट गेलेली दाखवली आहे. एका जागी खोटी ती दुसऱ्या जागीही खोटी. सबब आमच्या शेतातही वाट नाही. अर्जात एकही चूक काढता येत नव्हती. शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी विश्वंभरराव स्थळपाहणीला आले. डॉक्टर आला, तातेराव आला, आणि सगळे मिराबाईच्या फडताळासमोर दाटीवाटीनं उभे राहिले.

विश्वंभररावांनी भिंतीवर बोटानं टकटक केलं. "भिंतच आहे," ते म्हणाले.

"साहेब, धावणारे घराला वळसा घालून जातील," डॉक्टर म्हणाला. वळशानं अंतर किती वाढेल या विचारानं त्याचा चेहरा पांढरा पडला होता, तरी म्हणाला.

"कागद मंजूर झालाय. मंजूर कागदात वळसा बसत नाही. आता दोनच गोष्टी होऊ शकतात, कागद खरा किंवा कागद खोटा. अर्धा खरा असा शेरा मला मारता येत नाही." त्यांनी बाबूसिंगकडं बघितलं. "इथं वाट होती का?"

तातेराव म्हणाला, "व्हती म्हन आता. घरातून वाट व्हती म्हन."

खरं सांगायचं तर त्या दिवशी भिंत पडलेली होती आणि बैल भाकरी खायला आत शिरला होता. पण खरं सांगितलं की कागद खोटा, आणि मग दिपाची वाटही गेली. दिपाला सातवा लागून आठवडा झाला होता. पिशवी भरून ती पलीकडं वाट बघत बसली होती. त्यानं मिराबाईकडं बघितलं. भिंतीकडं बघवत नव्हतं. चौतीस वर्षांत तिनं त्याच्याकडं मागितलं काय, तर ही एक भिंत, आणि तीही बाईनं स्वतःच बांधून घेतली. पाड म्हणायला त्याची जीभ रेटेना.

मिराबाईनं वरच्या खणातला हरभऱ्याच्या डाळीचा डबा काढला आणि डॉक्टरच्या हातात दिला. मग तिखटाचा काढून विश्वंभररावांच्या हातात दिला. ते सरकारी कामावर होते, पण त्यांनी धरला. असे अकरा डबे निघाले. शेवटचा, साखरेचा, तिनं तातेरावच्या छातीशी टेकवला, आणि हात रिकामे असल्यामुळं त्यालाही तो घ्यावा लागला. मग ती अंगणातून पहार घेऊन आली.

"दिपाचे बा," ती म्हणाली, "चुलीकडून पाडू नका. दूध हाय."

बाबूसिंगनं पहिला घाव घातला तो डोळे मिटून. गिलावा अजून नवाकोरा होता. दुसऱ्या घावाला फडताळाचा खण निखळला, आणि मिराबाईनं तोंड दुसरीकडं वळवलं. तासाभरात भिंत उतरली. चौघांनी चहा घेतला, तातेरावच्या हातातल्या डब्यातलीच साखर घालून. विश्वंभररावांनी पायातले बूट काढून हातात घेतले, मागून आत आले, चुलीला वळसा घालून पुढच्या दारानं बाहेर पडले आणि अंगणात उभ्या उभ्या लिहिलं: वाट खुली आढळली. खाली पंच म्हणून तातेरावचीच सही घेतली, कारण दुसरा कोणी शेजारी तिथं हजर नव्हता.

"आता तुमची तार," ते तातेरावला म्हणाले.

"पन सायेब, ह्यानं ही भित उद्या परत बांदली तर?"

विश्वंभररावांनी पेनाचं टोपण लावत विचार केला. "तर कागद खोटा. मग तुम्ही तार लावा."

शर्यतीचं काय सांगायचं? तीनशे बारा माणसं आली. प्रेमदास दारात भाकरी घेऊन बसला, कारण पत्रकात तिथं थांबा होता. खळ्यावर फेरे मोजायला तांड्यातल्या म्हाताऱ्या बसल्या आणि ज्यानं सहाच घातले त्याला हाताला धरून परत आणलं. सैपाकघरातून जाताना प्रत्येकानं बूट हातात घेतले. मिराबाई लाटणं घेऊन उभी होती, त्यामुळं कोणी वाद घातला नाही. नंतर माघातल्या थंडीत तीनशे बारा माणसं कयाधूच्या पात्रात छातीवर नंबर लावून एक तास दहा मिनिटं गप्प उभी राहिली. पलीकडच्या काठावरून लोकांना वाटलं की हा काही नवस आहे. दोन बायांनी नदीत नारळ सोडला. डॉक्टर शेवटच्या रेषेवर पोचला तेव्हा त्याचं घड्याळ एकवीस किलोमीटर शंभर मीटर दाखवत होतं, आणि तो लहान लेकरासारखा रडला.

शर्यत एका दिवसाची होती, पण विश्वंभररावांचा शेरा कायमचा निघाला. आता रोज सकाळी तातेराव आपल्या बांधावर चढून बाबूसिंगच्या घराची पाठ बघतो, भिंत उभी राहिली का म्हणून. रोज सकाळी बाबूसिंग परसात उभा राहून तातेरावच्या शेताकडं बघतो, तार आली का म्हणून. दोघं एकमेकांना दिसतात. परवा तातेरावनं न राहवून लांबूनच रामराम घातला.

आणि तांडा त्या वाटेनं जातो-येतो. गवताचे भारे, पाण्याच्या कळश्या, बाजारच्या पिशव्या, एकदा तर सहा शेळ्या चुलीला वळसा घालून गेल्या. पायतान हातात घ्यायचं, हा मिराबाईचा कायदा सगळे पाळतात. घरकुलाची यादी करायला आलेल्या पोरानं घरात शिरून भिंती मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि विचारलं, "काका, हे घर हाय का रस्ता?" बाबूसिंगनं त्याला आधी पायतान हातात घ्यायला सांगितलं. त्या पोरानं तो रकाना मोकळा सोडला. रात्री वारं सुटलं की दोघं घोंगडी पांघरून पुढच्या खोलीत सरकतात. थंडीची तकलीफ होतेच, ती नाकारण्यात अर्थ नाही. विटा परसात रचून ठेवल्या आहेत. मिराबाई त्यांच्याकडं बघत नाही.

शर्यतीनंतर चौथ्या दिवशी सकाळी बाबूसिंग चुलीपाशी जेवायला बसला होता. मिराबाई भाकरी थापत होती. मागच्या बाजूनं उतारावरून कोणीतरी हळूहळू चढत आलं. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात पिशवी, मागं नवरा छत्री धरून. दिपा पुढच्या दाराकडं गेलीच नाही. वाटेनं आली ती सरळ सैपाकघरात येऊन उभी राहिली, धापा टाकत, नदीच्या पाण्यानं ओल्या झालेल्या पायांनी. बाबूसिंगनं ठसका लागल्याचं सांगितलं, पण डोळे पुसायला त्याला बराच वेळ लागला.

दिपानं इकडंतिकडं बघितलं. चुलीमागं सगळं मोकळं होतं; तिथून नदी दिसत होती, आणि नदीपलीकडचं तिचं घरही.

"याडी," ती आईला म्हणाली, "इथं भित व्हती ना? तू दिवाळीत फोनवर दावली ती?"

"व्हती," मिराबाई म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली. "तू बस आधी. गरम हाय तवर खा."

बाबूसिंगनं आपलं ताट बाजूला सरकवून लेकीला जागा केली.